पाणवठ्यावरची गढी

दिवाळीची पहिली पणती लागते ती वसुबारसेला, गाय-वासराच्या पूजेने. सवत्स धेनूच्या कपाळी कुंकू लावताना, तिच्या मुखी घास देताना आपल्या मनात दूध-तूप असते, हिरवा चारा असतो, घरादाराची बरकत असते. पाणी मात्र सहसा मनात येत नाही. ज्या गावाला नदी आहे, निदान एक विहीर व तिच्या काठाशी दगडी डोण आहे, त्या गावाला गाय पाणी कोठे पिते असा प्रश्न कशाला पडेल? तो पडतो माण-आटपाडीकडच्या, आष्टी-पाटोद्याकडच्या शेतकऱ्याला. दुष्काळात दावणीची जनावरे सोडून ज्याने चारा-छावणीची वाट धरली त्याला. पण आपल्या दुष्काळात गवत आणि पाणी दोन्ही एकदमच जातात. गवत उदंड आणि पाणी मात्र ओंजळभर, असा मुलूख असेल तर तेथे गुरे पाळणाऱ्यांचे काय होत असेल?

असा मुलूख आहे. तो अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, ॲरिझोना आणि यूटा या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. आणि त्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास एका लहानशा झऱ्याभोवती लिहिला गेला आहे. त्या झऱ्याचे नाव पाइप स्प्रिंग. आपल्या भाषेत त्याला चिलमीचा झरा म्हणावे. हे नाव त्याला कसे पडले ते पुढे येईलच.

प्रथम त्या भूमीची ओळख करून घेऊ. कोलोरॅडो नदीने युगानुयुगे कोरून काढलेली ग्रँड कॅन्यन ही महादरी चित्रांतून तरी आपण सर्वांनी पाहिलेली असते. तिची लांबी 277 मैल आणि खोली सुमारे एक मैल. या दरीच्या उत्तरेला ॲरिझोनाची जी पट्टी उरते, ती दरीमुळे आपल्याच राज्यापासून तुटून पडली आहे. उत्तर काठावरच्या वस्तीपासून दक्षिण काठावरची वस्ती पक्ष्याला दहा मैलांवर, परंतु मोटारीने जाणाऱ्याला दोनशेहून अधिक मैलांवर! कड्यावर उभे राहिले की खाली नदीची रेघ चमकताना दिसते. पण मैलभर खोलीवरच्या त्या पाण्याचा वरच्या गुरांना उपयोग काय? धरण उशाला आणि कोरड घशाला, ही आपली म्हण तेथे धरणावाचूनच खरी ठरली.

याच पट्टीत कैबाब नावाचे उंच पठार आहे. आडवा पहुडलेला पर्वत, असा या नावाचा पायूट भाषेत अर्थ सांगतात. या पठाराची उंची नऊ हजार फुटांपर्यंत जाते. हिवाळ्यात त्यावर बर्फाचे थर साचतात, पाइन वृक्षांची घनदाट वने आहेत. इतके असून पठारावर बारमाही वाहणारा ओढा शोधून सापडणे कठीण. याचे कारण पायाखालच्या चुनखडीच्या दगडात आहे. हा दगड भेगांनी आणि विवरांनी पोखरलेला आहे. वितळलेले बर्फ त्यातून थेट पाताळाची वाट धरते आणि दरीच्या कड्यात, काठापासून तीन-साडेतीन हजार फूट खाली, गर्जना करीत बाहेर पडते. 'रोअरिंग स्प्रिंग्ज', म्हणजे गरजणारे झरे, हे त्याचे नाव सार्थच आहे. ग्रँड कॅन्यन पाहायला येणाऱ्या लाखो प्रवाशांची तहान आज त्याच झऱ्यांवर भागते, पण त्यासाठी ते पाणी दरीपार नळातून नेऊन कड्यावर चढवावे लागते. हा नळ 1970 साली पुरा झाला. त्याआधीच्या गुराख्याला अर्थातच ही सोय नव्हती.

कैबाबच्या पश्चिमेला भूमी उतरत जाते आणि मोकळी माळराने लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंची आणि वर्षाकाठी सरासरी दहा-अकरा इंच पाऊस. या माळांच्या उत्तरेला तांबड्या दगडांची एक प्रचंड भिंत उभी आहे. सायंकाळच्या उन्हात ती हिंगुळासारखी पेटते, म्हणून तिला नाव पडले 'हिंगुळी कडे'. या कड्यांच्या मागे, उंचावर पडलेले पाऊस आणि बर्फ वाळूच्या सच्छिद्र खडकात मुरते. खाली चिकण खडकाचा थर लागला की पाणी अडते आणि त्या थरावरून हळूहळू सरकू लागते. जेथे भूकंपाने जमीन उभी चिरली आहे, तेथे ते चिरेच्या आधाराने वाट काढीत कड्याच्या पायथ्याशी डोके वर काढते. चिलमीचा झरा जन्मला तो असा. आज तेथे उगवणारे पाणी किती पिढ्यांपूर्वीच्या पावसाचे असेल कोण जाणे. या झऱ्याजवळून निघालेल्या प्रवाशाला पुढचे खात्रीचे पाणी एकेक दिवसाच्या चालीवर भेटे. मधल्या वाटेवर आधार तो खडकातल्या नैसर्गिक कुंडांचा. पावसानंतर ती भरतात आणि उन्हाने पाहता पाहता आटतात.

*

या झऱ्यांचे पहिले जाणकार म्हणजे तेथील मूळ रहिवासी, कैबाब पायूट. नेवासकरांना प्रवरा जशी ठाऊक, तसा त्यांना हा कोरडा मुलूख ठाऊक होता. हिवाळ्यात कड्यांच्या पायथ्याशी झऱ्यांजवळ राहावे, उन्हाळ्यात कैबाबच्या पठारावर चढावे, हरणे आणि ससे मारावेत, पाइनच्या बिया वेचाव्यात, आणि माळावरच्या रानगवतांचे व सूर्यफुलांचे बी टोपल्यांत झोडून त्याचे पीठ करावे, असा त्यांचा वार्षिक फेरा असे. झऱ्याच्या ओलीवर थोडा मका, थोडा भोपळा, थोड्या शेंगा होत. कोणत्या झऱ्याशी कोणत्या कुटुंबांचे नाते, हे त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या ठरलेले असे. चिलमीच्या झऱ्याला त्यांच्या भाषेत 'ठिबकणारा खडक' अशा अर्थाचे नाव होते. एकेका झऱ्यावर किती माणसे जगू शकतात याचा हिशेब त्यांच्या फिरस्त्या जीवनातच मुरलेला होता. एका ठिकाणी फार दिवस मुक्काम करायचा नाही, हाच त्यांचा जमाखर्च.

युरोपी मनुष्य या भागात प्रथम आला तो 1776 साली. दोमिंगेस आणि एस्कालांते हे दोन फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री सांता फे गावाहून कॅलिफोर्नियाची वाट शोधण्यास निघाले होते. बर्फाला भिऊन ते अर्ध्यावरून परतले आणि परतताना या पट्टीत भरकटले. अन्न संपले, पाणी मिळेना. त्यांना वाट सांगितली, पाणी दाखविले आणि रानातले खाद्य विकत दिले ते पायूट लोकांनी. नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडोचा उतार सापडून हे पाद्री सुखरूप पार झाले. पाण्याची माहिती हीच या मुलखातली खरी संपत्ती, आणि ती अडल्या पाहुण्यास देण्याची रीत तेथे होती.

त्यानंतर ऐंशी-ब्याऐंशी वर्षांनी जे आले ते मात्र पाहुणे म्हणून राहायला आले नव्हते. मॉर्मन हा ख्रिस्ती धर्मातूनच निघालेला एक निराळा पंथ. पूर्वेकडे छळ झाल्यामुळे या पंथाचे लोक 1847 साली यूटामधील खाऱ्या सरोवराकाठी येऊन वसले. वाळवंटात शेती करायची तर एकट्याचे काम नव्हे, हे त्यांनी झटकन ओळखले. सर्वांनी मिळून पाट खणायचा, सर्वांनी पाळीपाळीने पाणी घ्यायचे, आणि पाट-पाण्याचा तंटा पंथाच्या वडीलधाऱ्यांनी मिटवायचा, अशी व्यवस्था त्यांनी बसविली. पाण्याच्या बाबतीत हे लोक मोठे शहाणे होते. त्यांची पुढील कथा वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

1858 साली जेकब हॅम्बलिन नावाचा त्यांचा धर्मप्रचारक होपी लोकांच्या भेटीस निघाला असता या झऱ्यावर मुक्कामाला उतरला. नावाची दंतकथा तेव्हाची. त्याचा भाऊ विल्यम मोठा नेमबाज. सोबत्यांनी पैज लावली की पन्नास पावलांवर टांगलेला रेशमी रुमाल भेदून दाखव. गोळीच्या धक्क्याने हलका रुमाल बाजूला सरके, त्याला भोक पडेना. तेव्हा चिडून विल्यमने एकाच्या हातची चिलीम दूर ठेवायला लावली आणि तिच्या तोंडाच्या कडांना धक्का न लावता बूड तेवढे उडविले! खरे-खोटे झऱ्यालाच ठाऊक. नाव मात्र चिकटले ते कायमचे.

1863 साली जेम्स व्हिटमोर याने झऱ्याभोवतालच्या 160 एकरांवर हक्क सांगितला. त्याने डोंगरउतारात खोदून घर केले, कुंपण घातले, द्राक्षांचे वेल लावले आणि मेंढ्या व गुरे माळावर सोडली. 1866 च्या जानेवारीत, बर्फ पडले असताना, गुरे पळविणाऱ्या टोळीचा पाठलाग करताना तो आणि त्याचा मेहुणा मारले गेले. सूड घ्यायला आलेल्या मॉर्मन शिबंदीने आसपास सापडलेल्या काही पायूट पुरुषांना ठार केले. हल्ला पायूटांनी नव्हे, तर कोलोरॅडोपलीकडून आलेल्या नाव्हाहोंनी केला होता हे पुढे उघड झाले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. झऱ्याच्या पाण्यात पहिले रक्त मिसळले ते असे, आणि त्यातले काही अगदी निरपराध्यांचे होते.

*

1870 साली मॉर्मनांचा प्रमुख ब्रिगॅम यंग याने ठरविले की हा झरा पंथाने आपल्या ताब्यात घ्यावा. कारण धार्मिकही होते आणि व्यवहारीही. प्रत्येक अनुयायाने आपल्या उत्पन्नाचा दशांश पंथाला द्यावा असा नियम. रोख पैसा गरिबांजवळ कोठला? ते गाय देत, वासरू देत. अशा दशांशाच्या गुरांचे कळप साचत चालले होते, त्यांना चरायला रान हवे होते. शिवाय सेंट जॉर्ज या साठेक मैलांवरच्या गावी मोठे मंदिर बांधण्याचे घाटत होते. त्या कामावरच्या मजुरांना दूध-लोण्याचा पुरवठा पाहिजे होता. चिलमीच्या झऱ्याभोवती गुडघाभर गवत डोलत होते, आणि पाणी होते. आणखी काय हवे?

ॲन्सन विन्सर याच्या देखरेखीखाली तांबड्या दगडांची एक गढी उभी राहिली. समोरासमोर दोन दुमजली इमारती, मध्ये चौक, दोन्ही अंगांना उंच भिंती आणि त्यांत भक्कम लाकडी दरवाजे. बाहेरच्या बाजूने बंदुकीच्या जंग्या ठेवलेल्या. इंग्लंडच्या राजाच्या विंडसर राजवाड्याशी विन्सरचे नाव जुळते म्हणून लोक तिला थट्टेने 'विन्सरचा राजवाडा' म्हणू लागले. पण या गढीची खरी खुबी तिच्या पायात आहे. उत्तरेकडची इमारत थेट झऱ्याच्या मुखावरच बांधली. पाणी तिच्या खालून निघते, चौकाखालून वाहते आणि समोरच्या इमारतीतील एका खोलीतून जाऊन मग बाहेरच्या तळ्यात पडते. वेढा पडला तरी आतल्या माणसाला पाणी तुटणार नाही. बाहेरच्याला मात्र आतल्याच्या मर्जीवाचून झऱ्याच्या मुखाशी पोचता येणार नाही.

गढीवर हल्ला असा कधीच झाला नाही. नाव्हाहोंशी 1870 सालीच सलोखा झाला होता, आणि तो करण्यात त्याच जेकब हॅम्बलिनचा हात होता. जंग्यांतून एकही लढाई न लढता ती गढी म्हणजे एक मोठे गवळीवाडाच झाली. झऱ्याच्या पाण्याने गार राहणाऱ्या त्या खोलीत दुधाच्या थाळ्या मांडलेल्या असत. साय काढायची, लोणी घुसळायचे, चीजचे गोल बांधून फळ्यांवर मुरत ठेवायचे, आणि दर पंधरवड्याला गाडी भरून सेंट जॉर्जला रवाना करायची. भरल्या उन्हाळ्यात, बर्फाच्या पेटीवाचून, साठ मैलांवर ताजे लोणी पोचविणारी ही झऱ्याचीच करामत. 1871 च्या डिसेंबरात तारायंत्राची तार तेथवर आली. ॲरिझोनातले ते पहिले तारघर, आणि त्याची पहिली तारमास्तर एक तरुण मुलगी होती.

1877 मध्ये सेंट जॉर्जचे मंदिर पुरे झाले. तेव्हा ॲरिझोनाच्या दूरदूरच्या मॉर्मन वस्त्यांतून नवी जोडपी आपले लग्न मंदिरात पवित्र करून घेण्यासाठी आठवडेच्या आठवडे बैलगाड्या व घोडागाड्यांनी प्रवास करीत येऊ लागली. त्यांचा मुक्काम याच झऱ्यावर पडे. त्या खडतर वाटेला 'मधुचंद्राची वाट' असे गोड नाव पडले आहे. पुढे बहुपत्नीकत्वाविरुद्ध सरकारने धरपकड मांडली, तेव्हा आडबाजूच्या या गढीत कित्येक मॉर्मन गृहस्थांच्या दुसऱ्या-तिसऱ्या बायका लेकरांसह लपून राहिल्या. कोणी सुखाने, कोणी भयाने, त्या एका झऱ्याचे पाणी प्याले.

आत असे सगळे नांदत असताना बाहेर काय चालले होते?

गाईला दिवसाला पन्नासेक लिटर पाणी लागते. पाणी पिऊन ती चरायला निघते ती दोन-तीन मैल जाते, फार तर पाच, आणि पुन्हा पाण्याकडे वळते. म्हणजे रानाचा विस्तार कितीही असो, तिचे खरे कुरण म्हणजे पाणवठ्याभोवतीचे एक वर्तुळ. त्या वर्तुळाबाहेर गवत वाळून जाते, आतले मुळासकट खुडले जाते. पाणी पुरते आहे म्हणून गुरे वाढवीत गेले तर गवत संपते, आणि पाणवठ्याजवळचे गवत संपले की गाईला अधिक दूर चालावे लागते, त्यामुळे ती अधिक तहानते. हे साधे गणित आहे. पण दशांशाची गुरे येतच राहिली. त्यांच्यापाठोपाठ सहकारी मंडळ्यांची गुरे आली, खाजगी मालकांची आली, मेंढ्याही आल्या.

दहा वर्षे पुरली नाहीत. 1880 साली जेकब हॅम्बलिनने एका जुन्या मित्राला पत्र लिहिले. पत्राचा आशय असा की, ज्या टेकड्यांवर सूर्यफुलांची शेकडो एकर राने होती, ज्या गवताचे बी पायूट लोक सहजी गोळा करीत, ते सारे गुरांनी फस्त केले आहे. हे लोक उपाशी आहेत, त्यांना सरकारी मदत मिळेल काय? ज्या मनुष्याने आपल्या लोकांना या झऱ्याची वाट दाखविली, त्याच्याच हातचे हे पत्र. दुसऱ्या कोणी आरोप करावा त्यापेक्षा ही साक्ष अधिक बोलकी आहे. पायूटांची संख्या आधीच रोगराईने आणि मुलांना पळवून गुलाम म्हणून विकणाऱ्यांमुळे घटली होती. उपासमारीने ती आणखी घटली. कोणी त्यांच्यावर लढाई पुकारली नव्हती. त्यांचे धान्य गाईंनी खाल्ले आणि त्यांच्या पाण्यावर घर बांधले गेले, एवढेच.

*

हे पत्र ज्या मित्राला लिहिले तो जॉन वेस्ली पॉवेल. त्याची ओळख करून दिल्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

यादवी युद्धात 1862 साली शायलोच्या रणात पॉवेलचा उजवा हात गेला. याच एका हाताच्या माणसाने 1869 मध्ये चार नावा आणि नऊ सोबती घेऊन कोलोरॅडोच्या अज्ञात दऱ्यांतून प्रवास केला. तीन महिन्यांनी तो ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे बाहेर पडला तेव्हा त्याच्याजवळ दोन नावा आणि पाच सोबती उरले होते. पुढल्या काही वर्षांत त्याने दरीवरच्या या पठारांची मोजणी केली. त्याच्या मोजणीदारांचा तळ चिलमीच्या झऱ्यावरही पडला होता. हॅम्बलिन त्याचा वाटाड्या आणि दुभाषी. पॉवेल पायूटांची भाषा शिकला, त्यांच्याबरोबर बसला, आणि मॉर्मनांच्या पाटपाण्याची व्यवस्थाही त्याने बारकाईने पाहिली.

1878 साली त्याने कोरड्या प्रदेशाच्या भूमीविषयी एक अहवाल सरकारला सादर केला. सरकारी अहवाल म्हटला की आपण जांभई देतो. पण हा अहवाल म्हणजे एका राष्ट्राला वेळेवर दिलेला इशारा होता. त्या काळी अमेरिकेत 1862 च्या कायद्याने वसाहत करणाऱ्यास 160 एकर जमीन मिळे. नकाशावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन वाटून टाकायचा. पॉवेल म्हणाला, जेथे वीस इंचांहून कमी पाऊस पडतो तेथे हा हिशेब चालणार नाही. पाटाचे पाणी मिळाले तर 80 एकरही पुष्कळ झाले. न मिळाले तर 160 एकरांवर एक कुटुंब उपाशी मरेल. गुरे पाळणाऱ्यास निदान 2560 एकर रान पाहिजे, आणि त्यातच थोडा तुकडा पाण्याखालचा पाहिजे. शेतांच्या सीमा चौकोनी नकोत. जास्तीत जास्त लोकांच्या वाट्याला पाण्याचा काठ येईल अशा बेताने त्या भूमीच्या चढउताराप्रमाणे आखाव्यात. पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडता येऊ नये. चराऊ रानाला कुंपणे नसावीत, आणि त्याचे नियम तेथल्या लोकांनी एकत्र येऊन ठरवावेत.

या शिफारशींचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. कोरड्या पठारावर ज्याच्या हाती झरा त्याच्या हाती भोवतालचा सारा माळ. म्हणून माळाची वाटणी करण्यापूर्वी पाण्याची वाटणी करा. झऱ्याभोवतालच्या 160 एकरांचा मालक कागदोपत्री 160 एकरांचाच मालक असतो. पण त्याने दार लावले की पलीकडच्या हजारो एकरांत गाय सोडण्याची दुसऱ्या कोणाची छाती होत नाही. चिलमीच्या झऱ्यावर पॉवेलने हे चित्र डोळ्यांनी पाहिले होते.

अमेरिकेच्या कायदेमंडळाने तो अहवाल गुंडाळून ठेवला. नांगर चालू लागला की पाऊस त्याच्यामागे येतो, अशी त्या काळी पुष्कळांची श्रद्धा होती! जमीन विकणारे, आगगाड्यांच्या कंपन्या, पश्चिमेचे पुढारी, कोणालाच पाणी थोडे आहे हे ऐकायचे नव्हते. 1893 मध्ये लॉस एंजेलिसला भरलेल्या पाटबंधारे परिषदेत पॉवेलने पुन्हा सांगितले की, या भूमीला पुरेल इतके पाणी येथे नाही. सभेने त्याची हुर्यो केली. पुढल्या वर्षी त्याने भूगर्भ-मोजणी खात्याचे प्रमुखपद सोडले, आणि 1902 मध्ये तो वारला. सरकार मात्र त्याच्या आकड्याकडे गोगलगायीच्या गतीने सरकत होते. 1909 साली 160 चे 320 एकर झाले, 1916 साली गुरे पाळणाऱ्यांसाठी 640 एकर झाले. 2560 चा आकडा कायद्यात कधीच आला नाही.

*

गढीचे पुढे काय झाले? 1887 च्या कायद्याने मॉर्मन पंथाची मालमत्ता जप्त होण्याचे भय उत्पन्न झाले. 1895 मध्ये पंथाने ती विकली, आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे अशी ती फिरत राहिली. 1907 मध्ये सरकारने कैबाब पायूटांसाठी राखीव प्रदेश आखून दिला. त्यात माळ आले, कडे आले. भोवतालची सारी भूमी त्यांची झाली. मधला झरा तेवढा खाजगी मालकाचाच राहिला! एखाद्याला वाडा द्यावा आणि आड शेजाऱ्याच्या नावावर ठेवावा, तशातली गत.

1923 च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी जाहीरनामा काढून गढी आणि तिच्याभोवतीची 40 एकर जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. तोवर मोटारींचे युग आले होते. हरिकेन आणि फ्रेडोनिया या दोन गावांमधल्या साठेक मैलांच्या वाटेवर हेच काय ते पाणी, असे त्या जाहीरनाम्यातही नमूद आहे. म्हणजे मोटारवाल्यालाही अखेर पाणवठाच हवा होता. स्मारक झाले, पण पाणी कोणाचे हा तंटा मिटेना. पायूट म्हणत, आमचे. गुरांचे मालक म्हणत, आमची पिढीजात वहिवाट. स्मारकाचे अधिकारी म्हणत, येथली झाडे आणि तळी जगायला नकोत काय? शेवटी 1933 साली तिघांत तडजोड झाली. झऱ्याच्या पाण्याचे तीन सारखे वाटे, एक पायूटांचा, एक गुरांच्या मालकांचा आणि एक स्मारकाचा.

पुढल्याच वर्षी, 1934 मध्ये, साऱ्या पश्चिमेच्या सरकारी चराऊ रानांसाठी टेलर यांचा कायदा आला. वादळांनी माळांची माती उडून राजधानीपर्यंत पोचली होती, तेव्हा कायदेमंडळाचे डोळे उघडले. आता परवान्यावाचून गुरे चारता येईनात, आणि गुरांची संख्या ठरवून दिलेली असे. कोरड्या भागांत परवाना कोणाला द्यायचा, तर ज्याच्या ताब्यात पाणवठा आहे त्याला प्रथम. चौकोनांचा हट्ट सोडून कायदा अखेर पाण्यापाशी आला. पण पॉवेलने पाणी आधी वाटायला सांगितले होते. आता ते ज्यांनी आधीच धरून ठेवले होते त्यांचाच हक्क पक्का झाला. शहाणपण उशिरा आले की ते पुष्कळदा असे झाल्या गोष्टीवर शिक्का मारण्यापुरतेच उरते.

गुरे पाळणारे सगळेच धटिंगण होते असा मात्र ग्रह होऊ नये. त्यांतल्या कित्येकांनी उन्हातान्हात राबून माळावर मातीचे तलाव बांधले. तळाला चिकणमाती पसरायची आणि तीवर गुरेच फिरवून खुरांनी ती घट्ट करायची, म्हणजे पाणी झिरपत नाही, ही त्यांचीच युक्ती. जेथे पाणी नव्हते तेथे पाणवठे झाल्यामुळे एका झऱ्यावरचा भार पुष्कळ हलका झाला. त्या एकाकी आयुष्याला लागणारी चिकाटी थोर होती यात शंका नाही. मात्र एकेकट्याच्या चिकाटीने रानाचे गणित बदलत नाही. ते सर्वांनी मिळून मांडायचे असते. पाटाचे पाणी वाटून घेणाऱ्या मॉर्मनांना हे पुरेपूर ठाऊक होते. शेतात त्यांनी ते पाळले आणि माळावर ते विसरले, कारण माळ कधी संपेल असे त्यांना वाटलेच नाही.

आज ती गढी उभी आहे. प्रवासी येतात, चीजची गार खोली पाहतात, भिंतीतल्या जंग्यांतून डोकावतात. 2003 पासून तेथले संग्रहालय स्मारक आणि कैबाब पायूट जमात मिळून चालवितात. पायूटांची कहाणी आता त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते, हा काळाचा चांगला पालट म्हटला पाहिजे. परंतु ज्या मुख्य झऱ्यासाठी ही सारी यातायात झाली, त्याचे पाणी हळूहळू कमी होत गेले आणि 1999 साली गढीच्या पायातून वाहणारी ती धार थांबली. जवळच्याच दुसऱ्या एका झऱ्याचे पाणी आता तेथे आणून तळी भरतात. तळ्याकाठची झाडे हिरवी आहेत, मासे पोहतात, गढीच्या सावलीत गारवाही आहे. जंग्या, दरवाजे आणि उंच भिंती सगळे जेथल्या तेथे शाबूत आहे. त्यांनी ज्याचे रक्षण करावयाचे होते ते पाणी मात्र भिंतींच्या खालून, कोणाच्या नकळत, निघून गेले.